पसरायचं की थांबायचं

जून महिन्यातल्या एका गुरुवारी सकाळी नॉर्थ हेडच्या धक्क्यावरचा एक निळा पिकअप फेरीबोटीच्या रांगेतून दोनदा बाहेर पडला आणि दोनदा परत आत शिरला. तिसऱ्यांदा तो बाहेर पडायला लागला, तेव्हा गाड्या लावणारा खलाशी हातातला झेंडा काखेत मारून खिडकीशी आला.

“बाई, तुम्हाला पलीकडे जायचंय का?”

“जायचंय,” आतली मुलगी म्हणाली. मग आकाशाकडे बघून — “म्हणजे... जायला हवं.”

“दात?”

“तुम्हाला कसं कळलं?”

“गाल धरून बसलायत. मागच्या चौघांना वाटतंय तुम्ही फोनवर बोलताय, आणि ते ओरडतायत माझ्यावर.”

मुलगी म्हणजे आमच्याच बेटावरची कोरिन फ्लॅग. वय सत्तावीस, केस तांबूस, हात कामाचे. बाकी सगळं ठीक, पण एका गोष्टीत तिचं घोडं कायम पेंड खायचं. कोणतीही गोष्ट तिला ठरवता येत नसे. दुकानात साबण घ्यायला गेली तर दोन वड्या दोन हातांत धरून ती पुढच्या गिऱ्हाइकाला विचारायची, “तुम्ही कुठला घ्याल?” लोक सांगायचेही. बेट लहान आहे, दुसऱ्याचा साबण ठरवायला आमच्याकडे वेळ असतो.

“मग अडलंय कुठं?” खलाशानं विचारलं. तो नवा होता. बाहेरचा, केप ब्रेटनचा, रॉरी नावाचा, उन्हाळ्यापुरता बदलीवर आलेला. नाक उन्हानं सोललेलं.

“ऊन चांगलं पडलंय. घरी सहा पोती ओलं डल्स आहे. आज पसरलं तर वाळेल. पण पलीकडे मुख्य भूमीवर दाताच्या डॉक्टरची वेळ महिन्याभरानं मिळालीय. तुम्ही काय केलं असतं?”

“माझा दात असता तर मी खलाशाला विचारत बसलो नसतो.” तो हसला. “हे बघा, मी पाच मोजतो. पाचाला बोटीवर नाहीतर घरी. एक... दोन...”

चार म्हणेपर्यंत तिनं गाडी वळवली. बोट सुटली, ती घरी पोचली, पहिलं पोतं सोडलं, आणि दहाच्या सुमाराला समुद्रावरून धुकं आलं ते संध्याकाळपर्यंत हललं नाही. दातही राहिला आणि डल्सही.

दुसऱ्या दिवशी धक्क्यावरून जाताना तिनं मान फिरवली, पण उशीर झाला होता. रॉरीनं तिचा सुजलेला गाल पाहिला होता. त्यानं फक्त भुवया उंचावल्या. कोरिनला त्या भुवयांचा राग आला, आणि मग संध्याकाळपर्यंत त्या आठवतच राहिल्या, याचा आणखी आला.

डल्स म्हणजे समुद्रात खडकांना धरून वाढणारी जांभळी पानं. ओहोटीला होडी घेऊन जायचं, हातानं खुडायची, पोत्यांत भरून आणायची आणि उन्हात वाळवून खायची. चवीला खारट, दाताला चिवट. एकदा सवय लागली की खिशात पुडी असल्याशिवाय करमत नाही. खुडणं हे नुसतं अंगमेहनतीचं काम. खरी गोम वाळवण्यात. दगडगोट्यांच्या खळ्यावर जाळी अंथरून सकाळी पानं पसरायची, दुपारी उलटायची, तिसऱ्या प्रहरी उचलायची. या पाच-सहा तासांत ऊन आणि वारा हवा. मध्ये पाऊस आला तर पानांवर पांढरे डाग पडतात, आणि ते डल्स कोणी घेत नाही. न पसरता ठेवलं तर तीन-चार दिवसांत सडतं. म्हणून रोज सकाळी एकच प्रश्न असतो — पसरायचं की थांबायचं.

कोरिनच्या घरी हा प्रश्न व्हेस्टा आत्या सोडवायची. आत्याचं खळं रस्त्याच्या वळणावर, उंचावर होतं. अठ्ठ्याहत्तर वर्षांची ही बाई पहाटे दारात यायची, एकदा इकडे एकदा तिकडे बघायची आणि “पसर” किंवा “राहू दे” म्हणून आत जायची. गुडघे गेल्यापासून ती खळ्याच्या कडेला खुर्ची टाकून बसे आणि कोरिन राबे. त्या गुरुवारी मात्र आत्या गुडघे दाखवायला पलीकडे गेली होती, म्हणून तो सगळा घोळ.

पुढच्या सोमवारी रॉरी खळ्यावर आला. सुट्टी होती, हातात कसलीशी ट्यूब होती — दाताला लावायचं औषध — आणि रस्ता सोडून तो सरळ तिच्याकडे चालत निघाला. म्हणजे सरळ पसरलेल्या डल्सवरून.

“पाय!” कोरिन किंचाळली. “पाय उचला!”

त्यानं एक पाय उचलला. आणि तसाच उभा राहिला, कारण खाली ठेवायला जागा नव्हती.

“कुठं ठेवू?”

“तिकडे... नाही, तिकडे ओलं आहे. इकडे... थांबा, इकडे आत्ताच उलटलंय...”

“लवकर सांगा हं. मला दुसराही पाय आहे, पण तोही तुमच्या पानांवरच आहे.”

“मागे! म्हणजे — डावीकडे घेतलात तर...”

“अहो, मी पडतो आता.”

आणि तो पडला. चांगला आडवा, दोन हात जागेतल्या पानांचा सत्यानाश करत. खुर्चीतल्या व्हेस्टा आत्यानं विणकाम मांडीवर ठेवलं.

“कोण रे तू?”

“रॉरी, बाई. फेरीवर असतो.”

“बोटीवरही असाच चालतोस?”

“बोटीवर पाय कुठं ठेवायचा ते मला विचारावं लागत नाही,” तो म्हणाला, आणि तांबडा झाला. कोरिन हसत सुटली — दुखरा गाल धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. पडलेल्या जागेवरून तो तिच्याकडे बघत राहिला. उठायची त्याला काही घाई दिसली नाही.

त्यानंतर सोमवार आणि मंगळवार त्याचेच झाले. तो उलटायला शिकला, जाळी ओढायला शिकला, आणि पहिल्यांदा डल्स खाल्लं तेव्हा त्यानं केलेलं तोंड बघायला आत्यानं शेजारणीला बोलावलं.

“कसं लागतं?” कोरिननं विचारलं.

“भिजलेल्या दोरासारखं.”

“थुंकू नकोस. चघळ.”

“तू म्हणतेस म्हणून चघळतो.” ‘तुम्ही’ कधी गेलं आणि ‘तू’ कधी आलं ते दोघांनाही कळलं नाही. मिनिटभरानं त्यानं हात पुढे केला. “अजून दे.”

तिनं पान दिलं. बोटं खारट होती, दोघांचीही. ती लगेच सुटली नाहीत... मग सुटली, आणि दोघंही पानं उलटायला लागली, आधी उलटलेलीच पुन्हा.

जुलैत आत्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. परत आल्यावर ती खिडकीशी बसली आणि म्हणाली, “खळं आता तुझं. पसरायचं की नाही ते मला विचारायला येऊ नकोस.”

“पण आत्या, फक्त हा महिना—”

“मी खोलीचं दार उघडायला उठणार नाही. पाय दुखतो.”

पहिल्या सोमवारी कोरिन पहाटे खळ्यावर एकटीच उभी राहिली; त्या आठवड्यात रॉरीला सुट्टी नव्हती. वर विरळ ढग होते, वारा बरा होता. फोनवर तीन ठिकाणचे हवामानाचे अंदाज तीन प्रकारचे होते. तिनं ठरवलं की रस्त्यावरून डेल्बर्ट जाईल तेव्हा बघू. डेल्बर्ट ग्रीन साठीचा, चाळीस वर्षं डल्समध्ये काढलेला, तो पसरतोय असं दिसलं की आपणही पसरू. डेल्बर्टची गाडी आली, वळणावर हळू झाली आणि निघून गेली. त्याच्या खळ्यावर तासभर काही हालचाल दिसली नाही. म्हणजे तो थांबलाय. कोरिनही थांबली. दिवसभर लख्ख ऊन पडलं.

मंगळवारी तेच. बुधवारीही तेच — ढगांकडे बघ, फोनकडे बघ, डेल्बर्टकडे बघ. तीन दिवस असं ऊन आणि असा वारा की उन्हाळ्यात क्वचित मिळतो. आणि बेटावरच्या एकाही खळ्यावर एक पान पसरलं गेलं नाही. गुरुवारी घरोघरच्या पोत्यांना वास सुटला. डेल्बर्ट तणतणत आत्याच्या स्वयंपाकघरात शिरला.

“व्हेस्टा, तुझ्या भाचीला झालंय काय? तीन दिवस खळं रिकामं!”

“तुम्ही नाही पसरलंत, म्हणून मी थांबले,” कोरिन म्हणाली.

“मी?” डेल्बर्ट खुर्चीत बसला. “मी का पसरीन? मी वळणावर येऊन बघतो, तुमच्याकडे पसरलेलं दिसलं की पसरतो. तीस वर्षं असंच चाललंय. बाकीचे मला बघून पसरतात.”

मग खिडकीशी बसलेली आत्या हसायला लागली. टाके दुखले म्हणून थांबली, आणि पुन्हा हसली. डेल्बर्टला हसायला थोडा वेळ लागला. त्याची आठ पोती गेली होती.

रॉरीला हे कळलं तेव्हा तो धक्क्यावर दोराचं वेटोळं घालत होता. “म्हणजे अख्खं बेट तीन दिवस एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलं?”

“हसू नकोस. सगळं माझ्यामुळे झालं.”

“मी हसत नाहीये.” तो हसतच होता. “कोरिन, सोमवारी सकाळी, सगळ्यांत आधी, तुला काय वाटलं होतं?”

“पसरावं असं.”

“किती वेळ वाटलं?”

“फोन बघेपर्यंत.”

त्यानं दोर खाली ठेवला आणि तिच्याकडे बघितलं. हा प्रश्न डल्सबद्दल नव्हता की काय, असा तिला संशय आला. पण तिनं विचारलं नाही, आणि तो पुन्हा दोराचं वेटोळं घालायला लागला.

त्या रात्री जेवताना तिनं आत्याला विचारलं, “तुला कसं कळायचं?”

“मला काही कळत नव्हतं गं.” आत्यानं बटाट्याचं साल काढून ताटाच्या कडेला ठेवलं. “दारात पाऊल टाकलं की काहीतरी वाटायचं. पाच वर्षांची होते तेव्हापासून सकाळी त्या दारात उभी राहतेय, काहीतरी वाटणारच. ते तसंच धरून चहा होईपर्यंत थांबायची आणि पसरायची. तू चहा होईपर्यंत दहा जणांना विचारतेस. मग तुला काय वाटलं होतं ते उरतं कुठं?”

“आणि चुकलं तर?”

“चुकायचंच की. सात दिवसांतून एकदा तरी. ते बागेत खत म्हणून टाकायचं. तू माझ्या बागेतल्या कोबीला नावाजतेस ना, त्या माझ्या चुका आहेत.”

कोरिनला हे पटलं. पटणं वेगळं आणि जमणं वेगळं. जुलै संपेपर्यंत ती कशीबशी पसरत राहिली. फोन बघायची, पण डेल्बर्टकडे बघणं सोडलं. दोनदा बरोबर आली, एकदा चुकली. चुकली त्या दिवशी डेल्बर्ट वळणावर थांबून नुसता तिच्याकडे बघत राहिला होता, आणि तिला जमिनीत शिरावंसं वाटलं होतं.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, संध्याकाळी, रॉरी जाळ्या गुंडाळायला आला. धुकं खाली उतरत होतं आणि खालच्या घरांची छपरं दिसेनाशी झाली होती. जाळीचं एक टोक त्याच्याकडे, एक तिच्याकडे. घड्या घालत घालत ती दोघं जवळ आली, आणि शेवटच्या घडीला तो टोक सोडेना.

“मला दोन ठिकाणी बोलावलंय,” तो म्हणाला. “इथं फेरीवर कायमची जागा निघालीय. कप्तान म्हणतो, शुक्रवारपर्यंत सांग. आणि दुसरं — तळ्यांवर, म्हणजे त्या समुद्राएवढ्या सरोवरांवर, मालवाहू जहाज आहे, लांब ओंटारिओकडे. पगार जवळजवळ दीडपट.”

“मग?”

“बेट मला आवडतं. पण नुसतं बेट आवडतं म्हणून नाही राहायचं मला.” धुक्यात त्याचे केस ओले झाले होते. “तू राहा म्हणालीस तर राहीन, कोरिन. जा म्हणालीस तर जाईन, रागावणार नाही. पण तू सांग.”

राहा. हा शब्द तिच्या ओठांवर आला होता. अगदी आला होता — जीभ टाळ्याला लागली होती. मग तिनं तो गिळला.

“विचार करून सांगते...”

“कर,” तो म्हणाला, आणि जाळीचं टोक सोडलं.

तिनं जो केला त्याला विचार म्हणत नाहीत. तिनं लोकांना विचारलं. मैत्रिणीला, दुकानातल्या बाईला, चर्चमधल्या दोघींना, डेल्बर्टला, आणि वाटेत भेटेल त्याला. डेल्बर्ट म्हणाला, दीडपट पगार कोण सोडतं, पोरगा उद्या तुझ्याच नावानं बोटं मोडेल. दुकानातली बाई म्हणाली, बाहेरचे लोक पहिल्या हिवाळ्यातच पळतात, तर आत्ताच गेलेला बरा. शुक्रवारी सकाळपर्यंत सात जण जाऊ दे म्हणणारे झाले आणि दोघं राहू दे म्हणणारे. आत्याला विचारायला गेली तर आत्यानं रेडिओ मोठा केला.

शुक्रवारी दुपारी धक्क्यावर तिनं त्याला सांगितलं, “तू जा. तुझ्या दृष्टीनं तेच बरं.”

तो तिच्याकडे बघत राहिला. “हे तू म्हणतेयस, की मोजून आलीयस?”

“मोजून...” ती खरं बोलली. खोटं बोलणं तिला तसंही ठरवता आलं नसतं.

“किती?”

“सात आणि दोन.”

“बरं,” तो म्हणाला. रागावणार नाही म्हणाला होता, आणि नाही रागावला. टोपी डोक्यावर घट्ट बसवली आणि गाड्या लावायला गेला. संध्याकाळी त्यानं जहाजाच्या कागदांवर सही केली, आणि फेरीवरची जागा सेंट जॉनच्या एका माणसाला मिळाली. कोरिन घरी येऊन आंघोळीच्या खोलीत नळ सोडून रडली. सात जणांपैकी कोणीही तिच्याबरोबर रडायला नव्हतं.

पुढचे दोन आठवडे सोमवार आले आणि गेले. खळ्यावर कोणी आलं नाही. ती धक्क्याचा रस्ता टाळून लांबून जायची. बेटावर लांबून म्हणजे किती लांबून जाणार.

ऑगस्टचा शेवटचा शुक्रवार. रॉरीची आजची साडेनऊची फेरी शेवटची होती. तो पलीकडे उतरणार होता आणि तिथून पुढे जाणार होता. कोरिनला हे माहीत होतं, अख्ख्या बेटाला माहीत होतं.

पहाटे तिनं दार उघडलं. हवा गार होती, पूर्वेला पट्टाभर उजेड, वारा जमिनीवरून समुद्राकडे. पाऊल बाहेर पडलं आणि तिला वाटलं — पसरावं. फोन स्वयंपाकघरात राहिला होता. आणायला ती वळलीसुद्धा. पण हातांनी तेवढ्यात पहिल्या पोत्याची गाठ सोडली होती. तिनं आपल्या हातांकडे जराशा नवलानं पाहिलं आणि त्यांना त्यांचं काम करू दिलं.

सातला डेल्बर्टची गाडी वळणावर थांबली. काच खाली आली. “पसरलंस?”

“पसरलं.”

“रेडिओवर दुपारी पाऊस म्हणतायत.”

“म्हणू देत.”

डेल्बर्टनं तिच्याकडे, मग आकाशाकडे, मग पुन्हा तिच्याकडे पाहिलं आणि काच वर केली. आठपर्यंत खालच्या उतारावरची सगळी खळी जांभळी झाली होती.

शेवटचं मूठभर पसरून ती उठून उभी राहिली, पाठ सरळ करायला दोन्ही हात कमरेवर ठेवले, आणि तेव्हा तिला कळलं. मोठं काही झालं नाही. पक्षी ओरडत होते, खाली कुठंतरी बोटीचं इंजिन सुरू झालं होतं. तिला एवढंच कळलं की त्या धुक्यातल्या संध्याकाळी तिला ठरवायचं काही उरलंच नव्हतं. तिचं ठरलेलं होतं. गेले दोन आठवडे तिला दुःख होतं ते चुकीचं ठरवल्याचं नव्हतं, तर ठरलेलं असून दुसऱ्यांचं सांगितल्याचं होतं. आणि ती त्याच्यावर प्रेम करत होती. हेही तिनं कोणाला विचारलं नव्हतं, हे तिच्या आता लक्षात आलं.

खळं असं उघडं टाकून कोणी जात नाही. ती गेली.

धक्क्यावर गाड्या बोटीवर चढत होत्या. रॉरी नारिंगी जाकिटात उतारावर उभा होता. तिला येताना पाहून त्यानं हात वर करून मागची गाडी थांबवली.

“कोरिन? खळ्यावर पसरलेलं दिसलं मघाशी बोटीवरून. तू इथं काय करतेयस?”

“मी तुला चुकीचं सांगितलं.”

“काय?”

“जा म्हणाले ते. ते माझं नव्हतं. मला — थांब, मला बोलू दे, नाहीतर राहील. तू विचारलंस तेव्हा माझ्या तोंडात राहा होतं. मी ते गिळलं आणि गावभर विचारत सुटले. मला तू हवा आहेस. इथं. कशामुळे ते मला सांगता येणार नाही, यादी करता येणार नाही. मला वाटतं, एवढंच.”

मागच्या गाडीवाल्यानं भोंगा वाजवला. रॉरीनं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

“मी सही केलीय, कोरिन. जागा गेली माझी इथली.”

“माहीत आहे.”

“जहाज सोडता येणार नाही मला आता. शब्द दिलाय.”

“माहीत आहे. मी तुला थांबवायला नाही आले. सांगायला आले.” ती एक पाऊल पुढे आली. “उशिरा आले, तेही माहीत आहे...”

त्याच्या जाकिटाच्या खांद्यावर एक थेंब पडला. मग दुसरा. नारिंगी कापडावर ते काळपट, गोल, चांगले मोठे दिसत होते. दोघांनीही वर बघितलं. दक्षिणेकडून करडा ढग चढून आला होता, कोणीही सांगितला नव्हता इतक्या लवकर.

“तुझं डल्स!” तो म्हणाला. “कोरिन, पळ — सगळ्यांनी तुला बघून पसरलंय!”

वीस खळी, वीस घरं. पळाली असती तर निम्मं तरी उचलता आलं असतं. तिच्या डोळ्यांसमोर डेल्बर्टचा चेहरा आला, वळणावरून बघणारा. पण पाय हलले नाहीत.

“भिजू दे,” ती म्हणाली. “माझं बोलून व्हायचंय. तळी कधी गोठतात?”

“काय?”

“तळी. गोठली की जहाजं थांबतात ना?”

“जानेवारीत. मधोमध.”

“मग जानेवारीत ये. राहायला. नोकरी असो नसो.” पाऊस आता तिच्या चेहऱ्यावरून ओघळत होता, आणि ती पापण्या न मिटता त्याच्याकडे बघत होती. “येशील?”

रॉरीनं झेंडा कठड्याला टेकवून ठेवला. दोन्ही हातांनी तिचा ओला चेहरा धरला. मग फेरीबोटीची साडेनऊची सुटायची वेळ झाली आणि टळली, आणि मागच्या गाडीवाल्यानं भोंगा वाजवायचंही सोडून दिलं, कारण तो बेटावरचाच होता आणि त्याला घरी जाऊन सांगायला काहीतरी हवं होतं.

“येतो,” रॉरी म्हणाला, तिच्या कपाळाला कपाळ लावून. “विचारायचं होतंस लवकर.”

ती खळ्यावर पोचली तेव्हा सर थांबून नुसती भुरभुर उरली होती. डेल्बर्ट आपलं आवरून तिच्या खळ्यावर आला होता आणि वाकून एकटाच जाळी गोळा करत होता. अर्ध्याअधिक पानांवर डाग पडले होते. इथंच काय, उतारावर सगळीकडे पडले असणार.

“होतीस कुठं?” तो ओरडला. “तुझ्या जिवावर पसरलं आम्ही!”

“धक्क्यावर. पसरण्यात मी चुकले, डेल्बर्टकाका.”

“दिसतंय ते. धक्क्यावर काय होतं?”

“रॉरीला राहा म्हणायला गेले होते.”

डेल्बर्ट कंबर धरून सरळ झाला. तिचे केस, तिचा ओला चेहरा त्यानं नीट पाहून घेतला.

“राहिला?”

“गेला. जानेवारीत येतोय.”

“येईल कशावरून?”

“येईल.”

“सकाळी पावसाचंही तू असंच सांगत होतीस.”

“हो,” कोरिन म्हणाली, आणि तिला रडू आणि हसू एकदमच आलं. “ते चुकलं. हे नाही चुकलेलं.”

डेल्बर्टनं एकदा आपल्या खळ्याकडे बघितलं. त्याचं सकाळपासून बरंच नुकसान झालं होतं, आणि तो आणखी बोलला असता तर कोणी त्याला नावं ठेवली नसती. पण त्यानं वाकून जाळीचं एक टोक उचललं आणि दुसरं तिच्याकडे फेकलं.

“बरं, ओढ,” तो म्हणाला. “खालचं अजून कोरडं आहे.”